दात किडू नयेत म्हणून लस : पन्नास वर्षांपासून घोडं अडलंय कुठं?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला. 'दातांच्या किडीवर लस आली, आता ब्रश करायची गरज नाही.' खाली नेहमीसारखं 'सर्वांना पाठवा'. संध्याकाळपर्यंत मला तिघांचे फोन आले. बातमीदार म्हटला की त्याला सगळं ठाऊक असतं, असा लोकांचा समज असतो. शेजारच्या वहिनी तर थेट दारातच आल्या. "भाऊजी, कुठं मिळते हो ही लस? धाकट्याला देऊन टाकूया की."

हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नव्हता. वहिनींचा थोरला साडेचार वर्षांचा. त्याच्या चार दुधाच्या दाढा किडल्या, दोन रात्री पोरगं झोपलं नाही, घरातलं कुणी झोपलं नाही. दवाखान्यात खुर्चीवर त्याला तिघांनी धरून ठेवावं लागलं. बिल झालं ते वेगळंच. धाकटा आता चौदा महिन्यांचा आहे. त्याच्यावर ही वेळ येऊ नये, एवढंच त्या माउलीचं म्हणणं.

मी कॉमर्सचा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. पण प्रश्न विचारला गेलाय म्हटल्यावर उत्तर शोधणं हे आमचं काम. ओळखीच्या एका दंतवैद्यांना गाठलं, त्यांनी वाचायला दिलं ते चार रात्री बसून वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतोय.

आधी थोडक्यात उत्तर. दात किडण्यावरची मान्यताप्राप्त लस आज बाजारात नाही. आपल्याकडे नाही, अमेरिकेतही नाही. मेसेज खोटा. पण त्यामागचा विषय खोटा नाही. अशी लस करण्याचा प्रयत्न पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे, माकडांवर आणि उंदरांवर ती चाललीही आहे. मग ती आपल्यापर्यंत का पोचली नाही? हे समजून घेतलं की आज घरी काय करायचं तेही कळतं.

कीड म्हणजे किडा नव्हे

आपल्या भाषेनंच आपली थोडी दिशाभूल केली आहे. 'दाताला कीड लागली' म्हटलं की धान्यातल्या किडीसारखं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. जत्रेत, बाजारात दातातला किडा काढून दाखवणारे बसायचे. रिंगणीच्या बियांची धुरी द्यायचे आणि कापसावर वळवळणारं काहीतरी दाखवायचे. आमच्या आजीचा त्यावर पक्का विश्वास होता. तो हातचलाखीचा खेळ होता, दातात किडा नसतोच. यात आपण एकटेच भाबडे होतो असंही नाही. जगातल्या कित्येक जुन्या संस्कृतींमध्ये दातातल्या किड्याची समजूत होती.

खरा प्रकार कळायला १८९० साल उजाडलं. डब्ल्यू. डी. मिलर नावाचे अमेरिकी दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करत होते. तोंडातले जिवाणू अन्नातली साखर आंबवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल दात विरघळवतं, असं त्यांनी मांडलं. पण तोंडात जिवाणूंच्या शेकडो जाती. त्यातला गुन्हेगार कोण? १९२४ मध्ये लंडनमध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक जिवाणू वेगळा काढला. नेहमीच्या गोल दाण्यांऐवजी तो जरा लांबट दिसायचा, म्हणून त्यांना वाटलं हा बदललेला प्रकार असावा, आणि नाव पडलं 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स'. त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही.

पुढचे दोन प्रयोग महत्त्वाचे. १९५४ मध्ये अमेरिकेत ऑरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर खायला घातली. एकाचाही दात किडला नाही. म्हणजे नुसत्या साखरेनं दात किडत नाही, जिवाणू हवाच. मग १९६० मध्ये पॉल कीज यांनी हॅमस्टरवर दाखवलं की दात न किडणाऱ्या प्राण्यांना दात किडणाऱ्या प्राण्यांच्या संगतीत ठेवलं तर त्यांचेही दात किडू लागतात. दात किडणं हा एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारा जिवाणूंचा आजार आहे, हे तिथं पक्कं झालं. आणि जिवाणूंचा आजार म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप आलाच : मग लस का नको?

दाताचा जमाखर्च

लसीकडे वळण्याआधी दात किडतो कसा ते माझ्या भाषेत सांगतो. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. तो कॅल्शियम आणि फॉस्फेटचा बनलेला असतो. तोंडातलं आम्लाचं प्रमाण वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम-फॉस्फेट बाहेर पडू लागतं. हा खर्च. लाळेमुळं आम्ल कमी झालं की लाळेतलंच कॅल्शियम-फॉस्फेट परत दातात भरलं जातं. ही जमा.

आपण गोड खाल्लं की काही मिनिटांत दातावरच्या थराचा पीएच खाली येतो आणि तो पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवलं. म्हणजे दिवसातून तीनदा खाल्लं तर खर्च तीनदा, आणि मधल्या वेळेत जमा व्हायला भरपूर सवड. पण दर अर्ध्या तासानं एक बिस्किट, एक चॉकलेट, मध्येच गोड चहाचा घोट असं चाललं तर खातं कायम तोट्यातच. असं महिनोन्‌महिने चाललं की शेवटी दिवाळं निघतं, म्हणजे दाताला भोक पडतं.

म्युटान्स या व्यवहारात घातक ठरतो तो दोन गुणांमुळं. एक, तो आम्ल भरपूर करतो आणि स्वतः त्या आम्लात मजेत जगतो. दुसरे जिवाणू जिथं माना टाकतात तिथं हा टिकतो. दोन, तो दाताला घट्ट धरून बसतो. लाळ दिवसभर वाहत असते, जीभ फिरत असते, आपण चूळ भरतो, गिळतो. ज्याला धरता येत नाही तो जिवाणू पोटात वाहून जातो. म्हणून धरून ठेवणं हाच या जिवाणूचा जीव की प्राण. आणि धरायचं काम करतात त्याच्या अंगावरची प्रथिनं.

अंगावरचे आकडे आणि खळ

लस शोधणाऱ्यांचं सगळं लक्ष आहे ते याच प्रथिनांवर. मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिलं प्रथिन म्हणजे आकडा. १९७८ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये मायकेल रसेल आणि थॉमस लेहनर यांनी ते वेगळं करून त्याला 'अँटिजेन वन-टू' म्हटलं. दुसऱ्या प्रयोगशाळांनी त्यालाच 'पी-वन' म्हटलं, कुणी 'पीएसी', कुणी 'अँटिजेन बी'. एकाच गावाला दोन-तीन नावं असली की कसा गोंधळ होतो, ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. सुमारे दीड हजार अमिनो आम्लांची ही साखळी एका टोकाला जिवाणूच्या भिंतीत रोवलेली असते आणि दुसरं टोक बाहेर डोकावत असतं. २०१० मध्ये तिची रचना उलगडली तेव्हा दिसलं की दोन वेगवेगळ्या प्रकारचे पेड एकमेकांना पीळ घालून एक लांबलचक दांडा तयार झालाय, सुंभाच्या दोरीसारखा. या दांड्यामुळं पकडणारं टोक जिवाणूपासून दूरवर पोचतं.

हा आकडा पकडतो कशाला? आपण दात घासून स्वच्छ केला तरी काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा त्यावर बसतो. त्यात एक मोठं लाळ-प्रथिन असतं, त्याला हा आकडा अडकतो. गंमत बघा. हेच लाळ-प्रथिन लाळेत मोकळं तरंगत असतं तेव्हा जिवाणूंना एकत्र गोळा करून गिळायला लावतं, म्हणजे आपलं रक्षण करतं. आणि तेच दातावर बसलं की जिवाणूला पाय रोवायला जागा देतं.

दुसरा प्रकार म्हणजे खळ तयार करणारी विकरं, 'ग्लुकोसिलट्रान्सफरेज'. नाव लांब आहे, काम सोपं आहे. साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या, प्रत्येक कणात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेले असतात. हे विकर ती जोडी फोडतं आणि ग्लुकोजची एकामागून एक साखळी विणतं. तिला ग्लुकान म्हणतात. त्यातला काही भाग पाण्यात विरघळत नाही, चिकट खळीसारखा दातावर बसतो. सकाळी उठल्यावर जिभेला दातांवर जो बुळबुळीत थर जाणवतो, त्यात ही खळ असते. म्युटान्सकडे अशी तीन विकरं आहेत.

इथं आपल्याकडच्या एका समजुतीबद्दल बोललं पाहिजे. आपला जिल्हा उसाचा. 'साखर वाईट, गूळ चांगला' असं घरोघरी ऐकायला मिळतं. गुळात इतर काही गुण असतील, पण गूळ हा बहुतांश सुक्रोजच आहे. त्यात तो दाताला चिकटतो. जिवाणूला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. कुंदा असो की करदंट, त्याच्या दृष्टीनं सगळा कच्चा मालच.

तिसरा प्रकार म्हणजे ती खळ पकडून ठेवणारी प्रथिनं, 'ग्लुकान-बाइंडिंग प्रोटीन'. एका जिवाणूनं खळ केली की बाकीचे तिला धरून थरावर थर रचतात. ही वस्ती एकदा पक्की झाली की लाळ आतपर्यंत पोचत नाही आणि आतल्या आत आम्ल साठत राहतं.

लस नेमकी काय करणार?

लस म्हणजे शरीराला चोराचा फोटो आधीच दाखवून ठेवणं. शरीर त्या फोटोवरून प्रतिपिंडं तयार ठेवतं. पण प्रतिपिंड जिवाणूच्या आत शिरू शकत नाही, ते बाहेरूनच चिकटतं. म्हणून फोटो हवा तो बाहेरच्या अंगाचा. आत कितीही महत्त्वाचं प्रथिन असलं तरी त्याचा इथं उपयोग नाही. आणि ते बाहेरचं अंग असं हवं की ते झाकलं गेलं तर जिवाणूचं काम अडेल. आकडा झाकला तर दात पकडता येत नाही. विकर झाकलं तर खळ बनत नाही. एखाद्या सामान्य लसीसारखं जंतू मारायचं हे काम नव्हेच. त्याला फक्त निसटवायचं, बाकीचं लाळ बघून घेईल.

इथंही एक मेख आहे. आकड्याला कुठंही प्रतिपिंड चिकटलं म्हणजे झालं, असं नाही. काही प्रतिपिंडं पकड रोखतात, काही नुसतीच चिकटून बसतात, पकडीला काही होत नाही. दाराला कुलूप लावायचं तर कडीतच लागलं पाहिजे, फळीवर टांगून काय होणार? म्हणून अख्खं प्रथिन न वापरता त्याचे नेमके तुकडे निवडण्याकडे शास्त्रज्ञ वळले.

दुसरा प्रश्न, प्रतिपिंडं पोचवायची कुठं? दंडावर टोचलेल्या लसीनं मुख्यतः रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. ती हिरडी आणि दाताच्या फटीतून थोडी झिरपतात. पण तोंडात खरं राज्य लाळेचं. लाळेत 'आयजीए' नावाचं वेगळ्या घडणीचं प्रतिपिंड असतं. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात चार निरोगी माणसांनी मारलेल्या म्युटान्स जिवाणूंच्या कॅप्सूल दोन आठवडे गिळल्या. आठवड्याभरात त्यांच्या लाळेत आणि अश्रूंतसुद्धा त्या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं दिसू लागली. म्हणजे पोटात दिलेला निरोप लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचतो. पुढं नाकात थेंब किंवा फवारा देण्याचे प्रयोग झाले. चीनमध्ये वूहानच्या शास्त्रज्ञांनी या आकड्याच्या तुकड्याला दुसऱ्या जिवाणूच्या शेपटीचं प्रथिन जोडलं. त्यानं शरीराची यंत्रणा जास्त जोमानं जागी होते. नाकातून दिलेल्या या जोडप्रथिनानं उंदरांच्या दातांची कीड कमी झाली.

मग अडलं कुठं?

सुरुवात तर दणक्यात झाली होती. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये विल्यम बोवेन यांनी माकडांवर पहिला प्रयोग छापला. लस दिलेल्या माकडांचे दात गोड खाऊनही बरेच वाचले. १९८० मध्ये लेहनर यांच्या गटानं शुद्ध केलेलं आकड्याचं प्रथिन वापरून ऱ्हीसस माकडांत तेच दाखवलं. त्या काळी वाटलं असणार, लस आता हाताशी आली.

पण मध्ये एक भीती उभी राहिली. घशाला सूज आणणारा जिवाणू याच स्ट्रेप्टोकॉकस घराण्यातला. त्याच्या विरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं काही मुलांत स्वतःच्याच हृदयावर उलटतात. त्यालाच आपण संधिवाताचा ताप म्हणतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात. १९७० च्या दशकात सशांना म्युटान्स टोचल्यावर तयार झालेली काही प्रतिपिंडं माणसाच्या हृदयाच्या स्नायूलाही चिकटतात असं दिसलं. माणसात तसं होईलच असं सिद्ध झालं नव्हतं, त्यावर बराच वाद झाला. पण विचार करा. दात वाचवायला निरोगी बाळाच्या हृदयाला हजारात एक, लाखात एक सुद्धा धोका कोण पत्करेल? जीवघेण्या रोगावरच्या लसीचा हिशेब वेगळा असतो, दाताच्या लसीचा वेगळा. दात किडणं छळतं, पण सहसा जीव घेत नाही. त्यामुळं सुरक्षिततेची अट इथं फार कडक. अख्ख्या जिवाणूऐवजी प्रथिनाचे छोटे, निवडक तुकडे घेण्यामागं हेही एक कारण आहे.

दुसरी अडचण वयाची. म्युटान्सला घट्ट, न झडणारा पृष्ठभाग लागतो, म्हणजे दात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात पेज कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बहुतेक मुलांच्या तोंडात तो साधारण १९ ते ३१ महिन्यांच्या दरम्यान घर करतो, म्हणजे दुधाच्या दाढा येतात त्या काळात. पुढच्या अभ्यासांत तो काही बाळांत त्याआधीही सापडला. येतो तो बहुधा आईकडून किंवा बाळाला सांभाळणाऱ्याकडून, लाळेवाटे. म्हणजे लस द्यायची तर वर्षाच्या आसपास, वस्ती व्हायच्या आधी. एकदा जम बसलेल्या जिवाणूला हुसकावणं अवघड. ब्राझीलमधल्या लहान मुलांच्या अभ्यासात एक आशेची गोष्ट दिसली. ज्या बाळांच्या लाळेत खळ पकडणाऱ्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं निसर्गतःच होती, त्यांच्यात म्युटान्सचा शिरकाव कमी आढळला. म्हणजे वाट बरोबर आहे. पण तान्ह्या बाळांवर चाचणी घ्यायची, मग दात किडतात की नाही ते बघत वर्षानुवर्षं थांबायचं, हे काम वेळेचं आणि पैशाचं.

तिसरी अडचण जास्त खोल आहे. १९९४ मध्ये फिलिप मार्श यांनी मांडलं की दात किडणं हे एकट्यादुकट्या जिवाणूचं काम नाही, तर तोंडातल्या सगळ्या वस्तीचा तोल बिघडल्याचं लक्षण आहे. वारंवार साखर, वारंवार आम्ल. त्यात आम्ल सोसणारे टिकतात, बाकीचे हटतात. म्युटान्स त्यातला पुढारी, पण त्याच्या मागं लॅक्टोबॅसिलस आहेत, सोब्रिनस नावाचा भाऊबंद आहे, कँडिडा ही बुरशी आहे. २०२३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी सेलेनोमोनास नावाचा आणखी एक साथीदार दाखवून दिला. तो म्युटान्सच्या खळीत अडकतो आणि त्याच्याभोवती जणू तटबंदी उभी करतो. पुढाऱ्याला हटवलं तर टोळी मोडेल की दुसरा कुणी पुढं येईल? साखर तशीच चालू राहिली तर दुसऱ्या शक्यतेचा विचार करावाच लागतो.

आणि चौथी अडचण, आमच्या कॉमर्सवाल्यांना लगेच कळणारी. फ्लोराइडची टूथपेस्ट स्वस्तात काम करते. मग शेकडो कोटी ओतून लस कोण करणार? ज्या देशांकडे पैसा आहे तिथं मुलांच्या दातांची कीड बरीच आटोक्यात आली. जिथं ती वाढतेय तिथं विकत घेण्याची ऐपत कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणं जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांत आणि सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांच्या दुधाच्या दातांत उपचार न झालेली कीड आहे. गरज एवढी मोठी, पण गिऱ्हाईक म्हणून त्या गरजेला किंमत नाही.

तंबाखूच्या पानात दाताचं औषध

आपल्या भागातल्या वाचकांना यातला एक प्रयोग जवळचा वाटेल. शरीराला प्रतिपिंडं तयार करायला लावण्याऐवजी तयार प्रतिपिंडंच दातांवर लावली तर? लंडनच्या जुलियन मा आणि लेहनर यांच्या गटानं तेच केलं. आकड्याला नेमकं धरणारं 'गाइज थर्टीन' नावाचं प्रतिपिंड त्यांनी वापरलं. पण ते भरपूर आणि स्वस्तात बनवायचं कुठं? त्यांनी त्याची जनुकं घातली तंबाखूच्या रोपात. १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं की लाळेत असतं तसं गुंतागुंतीचं प्रतिपिंड तंबाखूचं पान तयार करू शकतं. निपाणीच्या तंबाखूवर कित्येक घरं उभी राहिली आणि त्याच तंबाखूनं कित्येकांची तोंडं बरबाद झाली. ते झाड दाताचं औषध बनवू शकतं, हे वाचून मी तरी दोनदा चष्मा पुसला.

१९९८ मध्ये त्यांनी निकाल छापला. आधी स्वयंसेवकांच्या तोंडातले जिवाणू जंतुनाशकानं हटवले, मग तीन आठवड्यांत सहा वेळा हे प्रतिपिंड दातांना लावलं. पुढं किमान चार महिने म्युटान्स परत आला नाही. मोठी आशा निर्माण झाली. पण नंतर अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत हे औषध सुरक्षित ठरलं, तरी नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरलं नाही. एकदा जमलं ते पुन्हा जमलंच पाहिजे, हा विज्ञानाचा नियम. तिथं गाडी अडली.

तोवर आपल्या हातात काय?

हे सगळं वाचल्यावर मला वाटलं, लस जे करू पाहतेय त्यातलं बरंचसं आपण घरी, आजच करू शकतो. आकडा सैल करायचा, खळ बनू द्यायची नाही, आणि जमाखर्चात जमा वाढवायची. दंतवैद्यांनी सांगितलेलं इथं देतो.

पहिला दात दिसला की घासायला सुरुवात करायची. "दुधाचे दात, पडणारच की" हे म्हणणं सोडायचं. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात आणि खालच्या कायमच्या दातांसाठी जागा धरून ठेवतात.

पेस्ट फ्लोराइडची हवी, १,००० पीपीएम किंवा जास्त, वेष्टनावर लिहिलेलं असतं. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. फ्लोराइड दातात शिरून जमेची बाजू भक्कम करतं, मग इनॅमल जास्त आम्ल सोसतं. मात्र ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथं डॉक्टरांना विचारून ठरवा. जास्त झालं तर दातांवर डाग पडतात.

रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा खर्च भरून निघत नाही. तोंडात दुधाची बाटली धरून बाळाला झोपवणं तर पहिलं बंद करायचं. बाटलीत साखर घातली असेल तर आणखीच वाईट.

गोड कायमचं बंद करा असं कुणी म्हणत नाही. सणाला कुंदा खायचाच. पण जेवणासोबत, एकदाच. दिवसभर चघळत राहणं हे खरं नुकसान.

बाळाला भरवणाऱ्यांनी आधी स्वतःचे किडलेले दात दुरुस्त करून घ्यायचे. चमचा तोंडात घालून, चाखून बाळाला देणं टाळायचं. आणि ज्या घरात अजून मिश्रीनं दात घासतात, तिथं ती मिश्री बंद. ती तंबाखूच आहे, त्यातून दाताचं औषध बनत नाही.

बाळाचं पहिलं वर्ष पुरं व्हायच्या सुमारास एकदा दंतवैद्यांना दाखवून घ्या. दुखत नसताना जायचं, दुखायला लागल्यावर नव्हे. पांढरट डाग दिसत असताना गेलं तर भोक पडायच्या आधी दात परत भरून येऊ शकतो.

वहिनींना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या. "म्हणजे लस नाहीच म्हणायची." नाही, आज तरी नाही. पण धाकटा चौदा महिन्यांचा आहे. ज्या काळात तो जिवाणू घर करतो, तो काळ अजून पुढं आहे. थोरल्याच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं. परवा त्यांच्या घरी गेलो तर मोरीपाशी दोन्ही पोरं ओळीनं उभी होती. धाकट्याच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, आणि थोरला त्याला शिकवत होता, "आ कर, आ."

ग्रुपवर तो मेसेज अजून फिरतोय. तुमच्याकडे आला तर पुढं पाठवू नका.